पर्यावरण संरक्षण अभिकरण, अमेरिकेचे : शासकीय अर्थपुरवठ्याचा इतिहास

पर्यावरण संरक्षण अभिकरण, अमेरिकेचे : शासकीय अर्थपुरवठ्याचा इतिहास. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हवा, पाणी व भूमी यांच्या प्रदूषणावर नियंत्रण ठेवणारी ही मध्यवर्ती संस्था २ डिसेंबर १९७० रोजी कार्यान्वित झाली. सांता बार्बरा येथील समुद्रातील तेलगळती व ओहायओ राज्यातील कायहोगा नदीस लागलेली आग या दोन्ही घटना १९६९ सालच्या असून त्यांमुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले होते. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी जुलै १९७० मध्ये काँग्रेसपुढे पुनर्रचना योजना मांडली आणि गृह, आरोग्य व कृषी या खात्यांत विखुरलेली कामे एकत्र आणली. साहजिकच नव्या संस्थेस प्रारंभी स्वतःचा असा निधी नव्हता. जुन्या खात्यांचे कर्मचारी व त्यांच्या तरतुदी हाच तिचा वारसा होता. विल्यम रकलशॉस हे तिचे पहिले प्रशासक होत.

१९७१ च्या वित्तीय वर्षात अभिकरणाचा अर्थसंकल्प सुमारे १२९ कोटी डॉलर होता. पुढील वर्षी तो सुमारे २४५ कोटींवर गेला. ही वाढ पाहून संस्थेचे सामर्थ्य दुप्पट झाले असे मानणे चुकीचे ठरेल. रकमेचा फार मोठा भाग नगरपालिकांना सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रे उभारण्यासाठी द्यावयाच्या अनुदानांचा होता, म्हणजे तो अभिकरणाच्या हातून केवळ पुढे जात असे. निरीक्षक, प्रयोगशाळा, संशोधन व खटले यांवरील खर्च त्या मानाने थोडा असे. अभिकरणाच्या अर्थसंकल्पाची कोणतीही आकडेवारी वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

या अनुदानांवरूनच अमेरिकेतील एक महत्त्वाचा घटनात्मक वाद उद्‌भवला. १९७२ च्या जलप्रदूषण नियंत्रण कायद्याने शुद्धीकरण केंद्रांच्या खर्चातील केंद्र शासनाचा वाटा ७५ टक्के केला व तीन वर्षांसाठी अनुक्रमे ५००, ६०० व ७०० कोटी, एकूण १,८०० कोटी डॉलर मंजूर केले. नेहमीच्या पद्धतीत काँग्रेस आधी खर्चास मान्यता देते व दरवर्षी विनियोजनाच्या वेळी त्यास कात्री लावू शकते. येथे मात्र प्रशासकाने प्रकल्प मान्य करताच शासन देणेकरी होत असे व रोख तरतूद मागाहून केली जाई. खर्च अवाजवी असल्याचे कारण देऊन निक्सन यांनी नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी, १८ ऑक्टोबर १९७२ रोजी, काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी तो दोनतृतीयांशाहून अधिक मतांनी निष्प्रभ केला. तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी दुसरा मार्ग काढला. पहिल्या वर्षी ५०० ऐवजी २०० व दुसऱ्या वर्षी ६०० ऐवजी ३०० कोटीच राज्यांना वाटावेत, असा आदेश त्यांनी प्रशासकास दिला. न्यूयॉर्क शहराने याविरुद्ध दावा लावला. रसेल ट्रेन हे तोवर प्रशासक झाल्याने तो खटला ‘ट्रेन विरुद्ध न्यूयॉर्क शहर’ या नावाने ओळखला जातो. मंजूर रकमेपेक्षा कमी वाटप करण्याची मुभा कायदा प्रशासकास देत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी १९७५ रोजी एकमताने दिला. न्यायालयाने कायद्याच्या शब्दांचाच अर्थ लावला. राष्ट्राध्यक्षाच्या घटनादत्त अधिकाराचा प्रश्न अनिर्णितच राहिला. दरम्यान १९७४ मध्ये काँग्रेसने निधी रोखण्याच्या प्रथेवर स्वतंत्र कायद्याने निर्बंध घातले होते.

१९८० साली अर्थसंकल्प सुमारे ४६७ कोटींवर व कर्मचारी १३,०७८ पर्यंत पोचले. रॉनल्ड रेगन यांच्या कारकीर्दीत अ‍ॅन गोर्सच यांनी काटकसरीचे धोरण स्वीकारले. १९८३ मध्ये कर्मचारी १०,८३२ उरले. कामे मात्र घटली नव्हती, उलट १९८० च्या कायद्याने घातक कचऱ्याच्या जागा साफ करण्याची जबाबदारी वाढली होती. या कामाच्या निधीसंबंधीची कागदपत्रे देण्याचे नाकारल्यामुळे प्रतिनिधिगृहाने डिसेंबर १९८२ मध्ये गोर्सच यांना अवमानाबद्दल दोषी ठरविले व मार्च १९८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. विश्वास परत मिळविण्यासाठी रकलशॉस यांनाच पुन्हा पाचारण करण्यात आले.

कचरा-सफाईचा हा निधी ‘सुपरफंड’ या नावाने प्रसिद्ध आहे. पाच वर्षांसाठी १६० कोटी डॉलरच्या या निधीचा बहुतेक भाग खनिज तेल व रसायने यांवरील करांतून यावयाचा होता. प्रदूषण करणाऱ्या उद्योगानेच भार सोसावा हे त्यामागील तत्त्व. भारतातही १९७७ च्या कायद्याने प्रदूषण नियंत्रण मंडळांसाठी पाण्याच्या वापरावर उपकर बसविला गेला होता. तो २०१७ मध्ये रद्द झाला. अमेरिकेतील करांची मुदत १९९५ अखेर संपली व काँग्रेसने ती वाढविली नाही. शिल्लक आटत गेल्यावर सफाईचा खर्च सर्वसाधारण करदात्यावर पडला. रसायनांवरील कर २०२१ च्या व तेलावरील कर २०२२ च्या कायद्याने पुन्हा लागू झाले.

सांडपाण्याची थेट अनुदाने १९८७ च्या दुरुस्तीने बंद होत गेली व त्यांच्या जागी राज्यांचे फिरते कर्जनिधी आले. अभिकरणाची वार्षिक तरतूद २०१० मध्ये सुमारे १,०३० कोटींवर पोचली, नंतर उतरली. २०१७ मध्ये डॉनल्ड ट्रंप यांच्या शासनाने सुमारे ३१ टक्के कपात सुचविली, ती काँग्रेसने मानली नाही. २०२५ मध्ये निम्म्याहून अधिक कपातीचा प्रस्ताव पुढे आला. त्याच वर्षी मार्चमध्ये २०२२ च्या कायद्यान्वये दिलेली सुमारे २,००० कोटी डॉलरची अनुदाने अभिकरणाने रद्द केली. ती मिळालेल्या संस्थांनी न्यायालयात धाव घेतली आणि मंजूर पैसा प्रशासक अडवू शकतो काय, हा १९७२ मधील वाद पुन्हा उभा राहिला.