पारखून घेण्याची मुदत

बैलबाजारात गेलेला शेतकरी आपण पाहिला आहे. तो आधी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून चाल पाहतो, आणि मग कुठे रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. एवढे करूनही घरी आणलेला बैल औताला जुंपल्यावर मटकन बसला, तर काय करायचे? हा प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्या स्मृतिकारांनी त्याचा बारकाईने विचार केलेला आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत घेतलेला माल पारखण्याच्या मुदती दिल्या आहेत. बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओढकामाच्या जनावराला ५, रत्नांना ७, दुभत्या जनावराला ३. (त्याच यादीत दासदासींच्या परीक्षेचीही मुदत आहे, ते वाचताना मान खाली जाते.) या आकड्यांमागची समज पाहा. लोखंड घणाखाली घातले की त्याच दिवशी कळते. गाय दोन-तीन दिवस धार काढल्यावर कळते. बियाणे मात्र उगवेपर्यंत बोलत नाही, म्हणून त्याला जास्त दिवस. म्हणजे मुदत विकणाऱ्याच्या सोयीने नव्हे, दोष उघडा पडायला किती वेळ लागतो यावरून धरलेली दिसते.

मनुस्मृती तर नुसत्या पस्ताव्यालाही जागा देते. घेणाऱ्याचे किंवा विकणाऱ्याचे मन फिरले, तरी १० दिवसांच्या आत व्यवहार उलटवता येतो. नारदाने हिशेबच मांडला आहे. माल न बिघडवता त्याच दिवशी परत केला तर पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट कापून. पुढे माल घेणाऱ्याच्या गळ्यात.

इंग्रजी अमलात वारे बदलले. घेणाऱ्याने सावध राहावे, हे तिकडचे तत्त्व १९३० च्या मालविक्री कायद्यात उतरले. मात्र त्यातच दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांचे मोल आज कळते. वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही एक. आणि आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत घेणाऱ्याने तो स्वीकारला असे धरू नये, ही दुसरी.

आता मोबाइलवरची खरेदी घ्या. तिथे दात नाहीत, खूर नाही. आहे ते चित्र आणि वर्णन. पैसे आधी, वस्तू नंतर. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने असाच फवारणीचा पंप मागवला. खोके आले ते पावसाने उघडीप देईपर्यंत तसेच राहिले. दहाव्या दिवशी उघडले, तर टाकीला चीर. ऑनलाइन बाजारवाले म्हणाले, आमची सात दिवसांची मुदत संपली, आणि विकणारा निराळा, आम्ही फक्त जागा देतो!

हे उत्तर ऐकून पुष्कळ जण गप्प बसतात. बसू नये. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २०२० च्या जुलैत अमलात आला. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि बिलावर मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. पंपाच्या बिलावर मुदतीचा शब्दही नव्हता. त्याच जुलैत ऑनलाइन व्यापाराचे नियम निघाले. सदोष, बनावट, जाहिरातीशी न जुळणारा किंवा कबूल वेळेनंतर आलेला माल विक्रेत्याला नाकारता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या संकटामुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. जागा देणाऱ्यालाही विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवावा लागतो. त्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो.

शेतीचा पंप म्हणजे धंद्याची वस्तू, असेही कोणी सांगेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्याची मानत नाही.

एक मात्र ध्यानात असू द्या. मनूचा पस्तावा या नियमांत नाही. रंग आवडला नाही, मन फिरले, तर विक्रेत्याने स्वतः कबूल केले असेल तेवढेच मिळेल. युरोपात दुरून केलेल्या बहुतेक खरेदीला तसे १४ दिवस असतात. आपल्याकडेही ते यावेत असे मला वाटते.

शेजाऱ्यांनी बिल आणि चिरेचा फोटो जोडून लेखी तक्रार केली, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनलाही फोन केला. त्यावर भागले नसते तर दोन वर्षांच्या आत आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता आले असते. ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही. तशी पाळी आली नाही, पैसे परत मिळाले. फुटकी टाकी न्यायला मात्र अजून कोणी फिरकलेले नाही. सध्या तिच्याआड एक कोंबडी अंडी उबवीत बसली आहे.