सही कोणाची, खनिज कोणाचे?

परग्रहावरचे प्रगत जीव उद्या पृथ्वीवर उतरले आणि इथले पाणी, धातू, कोळसा घेऊन जाऊ लागले, तर त्यांना तो अधिकार आहे का? प्रश्न विज्ञानकथेतला वाटतो. पण एच. जी. वेल्स यांनी १८९८ मध्ये मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी लिहिली, तेव्हा आरंभीच त्यांनी युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचा कसा संहार केला, याची आठवण वाचकांना करून दिली होती. दुरून आलेला बलाढ्य पाहुणा आणि घरातली संपत्ती हा विषय मुळात इतिहासाचाच आहे.

फरक एवढाच, की कथेतले परग्रहवासी शस्त्रे घेऊन येतात आणि इतिहासातले पाहुणे पुष्कळदा कराराचा मसुदा घेऊन आले. मराठवाडा ज्या निजामी राज्यात होता, त्या राज्याचे असे दोन करार या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत.

वऱ्हाडचे गहाण

औरंगाबादहून (आजच्या छत्रपती संभाजीनगरहून) अजिंठ्याचा घाट ओलांडून किंवा जाफराबादच्या बाजूने ईशान्येला गेले की बुलढाणा जिल्हा लागतो. तिथून वऱ्हाड सुरू होते. काळ्या कसदार जमिनीचा आणि कापसाचा हा मुलूख निजामाचा होता. २१ मे १८५३ च्या तहाने तो ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. कारण होते हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च. फौज निजामाच्या नावाची, पगार निजामाच्या तिजोरीतला, पण अधिकारी आणि हुकूम इंग्रजांचे. पगार थकला, कर्ज फुगले आणि लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत त्या कर्जापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब लिहून घेण्यात आले. १८६० मध्ये धाराशिव व रायचूर परत मिळाले, ५० लाखांचे कर्जही माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

या फौजेची एक छावणी औरंगाबादेतच होती. जून १८५७ मध्ये तिच्या घोडदळाने इथे बंड केले आणि ते कठोरपणे मोडण्यात आले. क्रांती चौकाशी, म्हणजे जुन्या काळ्या चबुतऱ्याशी, शहराने ती आठवण जोडली आहे. वऱ्हाड ज्या फौजेसाठी गहाण पडले, ती फौज आपल्याच शहरात नांदत होती, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले (१८६१-६५) आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. वऱ्हाडचे मोल एकदम वाढले. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये कापसाच्या बाजारासाठी खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. रेल्वे आली, बाजारपेठ वाढली, काही शेतकऱ्यांच्या हाती पैसाही खेळू लागला, हे नाकारता येणार नाही. पण याच वऱ्हाडात १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत माणसे मोठ्या संख्येने मेली. जमीन कापसाखाली, धान्य बाजारभावाच्या हाती आणि शेतकरी सावकाराच्या दारी, अशी अवस्था झाली होती.

गहाण सोडवण्याचा प्रयत्न झालाच नाही, असेही नाही. दिवाण सालारजंग यांनी फौजेच्या खर्चासाठी रोख तारण ठेवण्याची तयारी दाखवली. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. उपयोग झाला नाही. अखेर १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी सहावे निजाम महबूब अली खान यांची समक्ष भेट घेऊन वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढच्याच वर्षी ही फौज हिंदी सैन्यात विलीन झाली. ज्या खर्चासाठी गहाण टाकले तो खर्च उरला नाही, तरी गहाण सुटले नाही.

नव्याण्णव वर्षांचा मक्ता

दुसरा करार जमिनीखालच्या संपत्तीचा. भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम किंग यांनी १८७१ मध्ये येल्लंदू परिसरात दगडी कोळसा शोधला होता. कोळसा म्हणजे रेल्वे आणि रेल्वे म्हणजे भांडवल. १८८३ मध्ये चांद्यापर्यंत रेल्वे नेण्याच्या योजनेवरून हैदराबादेत चळवळ उभी राहिली. कराराच्या अटी लोकांपुढे मांडा, एवढीच तिची मागणी होती. तिच्यात पुढाकार घेणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील, यांना राज्याबाहेर घालवण्यात आले. अटी काय आहेत असे विचारणे हाच गुन्हा ठरला.

त्यानंतर जानेवारी १८८६ मध्ये वॉटसन आणि स्ट्युअर्ट या दोन इंग्रजांना निजामाच्या राज्यातील खनिजांचा ९९ वर्षांचा मक्ता मिळाला. त्या जोरावर लंडनमध्ये हैदराबाद डेक्कन कंपनी निघाली. तिचे भांडवल कागदावर १० लाख पौंड, शेअर एक लाख. त्यांपैकी ८५ हजार शेअर मक्तेदारांनी मक्त्याच्या मोबदल्यात स्वतःकडे घेतले. रोख पैसा घेऊन विकले ते उरलेले १५ हजारच. एक कुदळ मारण्याआधीच जमिनीखालच्या न पाहिलेल्या संपत्तीचे लाखो पौंड झाले होते.

निजाम सरकारच्या वतीने लंडनमध्ये बोलणी करणारे सरदार अब्दुल हक यांच्यामार्फत सरकारने याच कंपनीचे हजारो शेअर दर्शनी किमतीपेक्षा चढ्या भावाने घेतले. ते खुल्या बाजारातून घेतल्याचे दाखवले, प्रत्यक्षात ते अब्दुल हक यांच्याच वाट्याचे होते, असा आरोप झाला. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने प्रकरणाची चौकशी केली आणि अब्दुल हक यांना पदावरून जावे लागले. मक्ता मात्र टिकला. सिंगरेनीचा कोळसा निघत राहिला आणि १९४५ मध्ये हैदराबाद संस्थानाने त्या खाणींची मालकी विकत घेतली. स्वतःच्या भूमीतला कोळसा संस्थानाला पैसे मोजून परत घ्यावा लागला.

तीन कसोट्या

दोन्ही व्यवहारांना लूट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तसे केले की मुख्य मुद्दा निसटतो. दोन्हीकडे सह्या होत्या. पाहुण्यांनी संमती घेतली होती. प्रश्न असा, की ती कोणाची होती?

पहिली कसोटी सही करणाऱ्याच्या अधिकाराची. निजाम राज्याचा धनी होता, पण वऱ्हाडचा कुणबी किंवा येल्लंदूच्या रानातला कोया आदिवासी यांना कोणी विचारले नाही. सालारजंग वऱ्हाड परत मागत होते तेही निजामासाठी. दुसरी कसोटी उघडेपणाची. ज्या अटी विचारल्याबद्दल हद्दपारी होते, त्या अटींना संमती मिळाली असे कसे म्हणायचे? तिसरी कसोटी परतीच्या वाटेची. ९९ वर्षे म्हणजे तीन-चार पिढ्या. जे जन्मलेच नव्हते त्यांच्या वाट्याचे खनिजही त्या एका सहीने दिले गेले.

परग्रहवासीयांनाही पृथ्वीवर सही करणारा कोणीतरी भेटेलच. प्रत्येक काळात असा माणूस भेटत आला आहे. त्यामुळे त्यांचा कागद कायदेशीर आहे का, एवढे पाहून भागणार नाही. या तीन कसोट्यांवर तो उतरतो का, हे विचारावे लागेल.

आता पाहुणे आपण

हा विचार आता केवळ कल्पनेतला राहिलेला नाही, कारण भूमिका बदलली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. परक्या भूमीवरचा पाहुणा आता भारतही आहे. १९६७ चा अंतराळ करार सांगतो, की कोणत्याही राष्ट्राला चंद्रावर मालकी सांगता येणार नाही. १९७९ चा चंद्र करार तिथली संपत्ती साऱ्या मानवजातीचा समाईक वारसा मानतो. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, पण अजून त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. उलट २०१५ मध्ये अमेरिकेने आपल्या कंपन्यांना अंतराळातून काढलेल्या खनिजांची मालकी देणारा कायदा केला. जून २०२३ मध्ये भारत ज्या आर्टेमिस करारनाम्यात सामील झाला, त्याची भूमिका अशी, की खनिज काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे.

चंद्रावर कुणबी नाही, कोया नाही. पहिली कसोटी तिथे लागू पडत नाही, असे वाटेल. पण चंद्राकडे पाहणारी, तिथे अजून पोहोचू न शकलेली राष्ट्रे आहेत आणि पुढच्या पिढ्याही आहेत. त्यांच्या वतीने सही कोण करतो, अटी उघड आहेत का आणि एकदा घेतलेले परत देता येईल का, हे तीन प्रश्न तिथेही उरतात. वऱ्हाडचा कापूस आणि सिंगरेनीचा कोळसा दुसऱ्यांच्या कागदावरून जाताना ज्या राज्याच्या प्रजेने पाहिला, तिच्या वारसांनी तरी हे प्रश्न विचारायला विसरू नये.