मुद्रणव्यवसायाचा एक पूर्वज : शंकर आबाजी भिसे

मराठी मुद्रणाचा इतिहास बहुधा ग्रंथ व प्रकाशक यांच्या अनुरोधाने सांगितला जातो. खिळे ओतणारा यंत्रज्ञ त्यात क्वचितच आढळतो. मुंबईत १८६७ साली जन्मलेले शंकर आबाजी भिसे हे असेच एक उपेक्षित पूर्वज होत. त्यांच्या अपयशाचे खापर दैवावर फोडण्याची प्रथा आहे. ती तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो तांब्यावर ठोकून मातृका करावयाची आणि साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतावयाचा, ही खिळे पाडण्याची जुनी रीत. मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कला चालू झाले. ते अख्खी ओळ एकसंध ओतीत असे. लॅन्स्टन यांचे मोनोटाइप सुटे खिळे ओतीत असे. सुटे खिळेच अधिक वेगाने व स्वस्तात पाडावे, हे भिसे यांच्या ‘भिसोटाइप’चे उद्दिष्ट होते.

लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांनी त्यांना आधार दिला. दादाभाईंचे स्नेही, समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभारण्याचे आश्वासन दिले. ते फळास आले नाही आणि १९०८ च्या अखेरीस भिसे स्वदेशी निघाले. पुढे गोखल्यांच्या शिफारशीने रतन टाटा यांचे साहाय्य लाभले. परंतु तोही उपक्रम टिकला नाही. अखेर ते अमेरिकेस गेले व १९३५ मध्ये न्यूयॉर्क येथे निवर्तले.

येथे जावजी दादाजी यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली शिकलेल्या जावजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. पंच कोरणे, खिळे ओतणे आणि ग्रंथ छापणे ही तिन्ही कामे त्यांच्या एकाच व्यवसायात सामावली होती. त्यामुळे एका कामातील सुधारणेचा लाभ लगेच दुसऱ्यास मिळे. भिसे यांच्यामागे असा चालता कारखाना नव्हता. त्यांचे यंत्र गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच प्रयोग, एकस्व व उत्पादन यांसाठी मोठे भांडवल मागत होते आणि ते परक्याच्या शब्दावर अवलंबून होते.

तात्पर्य, भिसे यांच्या ठायी बुद्धीची वाण नव्हती. वाण होती ती त्या बुद्धीला पोसणाऱ्या व्यवसायसंस्थेची. मुद्रणाचा इतिहास लिहिताना ग्रंथसूचीइतकेच हिशेबाच्या वह्यांकडेही लक्ष द्यावयास हवे, ते यासाठीच.