ग्रहण-छायाचित्रणातील काच व विकासन
२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉक्यर यांच्या पथकाने, तर जेऊर येथे पुण्याचे ज्योतिर्विद कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी छायाचित्रित केले. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. वर्णगोलाचा क्षणदीप्त वर्णपट तर काही सेकंदांचाच. त्यामुळे शीघ्र काच अपरिहार्य होती. साधे जिलेटीन पायस मुख्यतः निळ्या प्रकाशास संवेदी असते. हिरव्यासाठी फोगेल यांनी १८७३ मध्ये शोधलेली रंजकांची योजना करावी लागे. शीघ्र पायसाचे कण मोठे. विकासन लांबविले, तर धूसरता वाढून क्षीण रेषा बुडतात, आणि फेरप्रयोगास सूर्य थांबत नाही. विजयदुर्गच्या काचांवरून किरीटाच्या हिरव्या रेषेचे १८६९ पासून मानलेले स्थान चुकीचे ठरून ती ५३०३ अँगस्ट्रॉमजवळ निश्चित झाली. तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची ती रेषा, हे एडलेन यांनी १९४० च्या सुमारास दाखविले.