बॅक्टेरिओफेज : आधी पटले, मग दिसले

माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते, ही गोष्ट आता शाळेच्या पुस्तकात असते. सोबत ते प्रसिद्ध चित्रही असते. वर बहुकोनी डोके, खाली नळीसारखी शेपटी आणि कोळ्यासारखे सहा पाय. मुले चित्र काढतात, नावे देतात आणि दोन गुण घेऊन मोकळी होतात. मी आयुष्यभर इतिहास शिकवला, विज्ञान नाही. त्यामुळे असे चित्र पाहिले की मला वेगळाच प्रश्न पडतो : हे पहिल्यांदा कळले कसे? कारण फेजची शेपटी कुणाला दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच एका माणसाने ठामपणे सांगून ठेवले होते की हा जीव प्रथम जिवाणूला चिकटतो. त्याने तो पाहिलेला नव्हता. त्या काळातल्या कुठल्याही सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्यच नव्हते.

हा माणूस म्हणजे फेलिक्स देरेल. शास्त्राची रीतसर पदवी नसलेला, स्वतःच्या हिमतीवर शिकलेला आणि स्वभावाने भांडखोर. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत रक्ती आवेच्या रोग्यांवर काम करताना त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. रोग्याचा मल पाण्यात कालवून चिनी मातीच्या बारीक गाळणीतून गाळला, की जिवाणू वर अडकतात आणि खाली स्वच्छ पाणी येते. ते पाणी जिवाणूंनी गढूळ झालेल्या रश्श्यात टाकले, तर काही तासांत रस्सा निवळायचा. जिवाणू विरघळून जायचे. 1917 च्या सप्टेंबरात त्याने हे जाहीर केले आणि त्या अदृश्य कर्त्याला बॅक्टेरिओफेज, म्हणजे जिवाणूभक्षक, असे नाव दिले. लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टने 1915 मध्ये असेच काहीतरी पाहून छापले होते, पण त्याने ते पुढे नेले नाही. श्रेय कुणाचे यावर पुढे बरेच वाद झाले. असो.

खरा वाद दुसराच होता. देरेल म्हणत होता की हा एक सजीव कण आहे, जिवाणूंवर जगणारा. समोर उभे होते बेल्जियमचे ज्यूल बोर्दे, 1919 च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांचे म्हणणे असे की जिवाणूच स्वतःला विरघळवणारा एखादा पाचक रस तयार करतात. बाहेरचा कुणी शत्रू मानायची गरज नाही. एकीकडे मोठे नाव, दुसरीकडे पदवी नसलेला माणूस. वजन कुणाच्या शब्दाला होते हे सांगायला नको.

देरेलने मोजणीचा आधार घेतला. जिवाणूंची सलग साय असलेल्या थाळीवर फेजचे पाणी पसरले की सायीत जागोजागी स्वच्छ ठिपके पडतात. पाणी दहापट पातळ केले तर ठिपके साधारण एक दशांश होतात, पण उरलेला प्रत्येक ठिपका पहिल्यासारखाच स्वच्छ. पाचक रस पातळ केला असता तर सगळीकडे परिणाम फिका पडला असता. ठिपके सुटे पडतात, म्हणजे ते पाडणाराही सुटासुटा आहे.

दुसरा प्रयोग मला याहून आवडतो, कारण तो अगदी साधा आहे. फेजचे पाणी आणि जिवाणू एकत्र करायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मिश्रण यंत्रात जोराने गरगर फिरवायचे. जिवाणू जड, ते तळाशी बसतात. फेज इतके हलके की एरवी ते वरच्या पाण्यातच राहतात. आता वरचे पाणी काढून त्यात फेज किती ते ठिपक्यांवरून मोजायचे. जिवाणू त्या फेजला बळी पडणारे असतील, तर वरच्या पाण्यात जवळजवळ काहीच सापडत नाही. दाद न देणारे असतील, तर फेज जसेच्या तसे वर उरलेले असतात. म्हणजे पहिल्या वेळी ते जिवाणूंना धरून त्यांच्याबरोबर तळाला गेले. बाधेची पहिली पायरी चिकटणे आहे, आणि जिथे चिकटणे नाही तिथे बाधाही नाही. दप्तरात एखादा कागद असायला हवा आणि नेमका तोच नसतो, तेव्हा इतिहासकाराला जे कळते, तसलाच हा पुरावा.

श्लेसिंगर या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात जर्मनीत हे चिकटणे घड्याळ लावून मोजले. किती वेळात किती फेज पाण्यातून नाहीसे होतात, यावरून त्याने कणाच्या आकाराचाही अंदाज बांधला. फेजमध्ये प्रथिनाबरोबर डीएनए असतो हेही त्यानेच 1936 मध्ये दाखवले. त्याचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. 1940 च्या सुमारास जर्मनीत हेल्मुट रुस्का आणि मंडळींनी फेजचे पहिले फोटो काढले आणि 1942 मध्ये अमेरिकेत साल्व्हादोर लुरिया आणि थॉमस अँडरसन यांनी त्याहून स्पष्ट. डोके आणि बारीक शेपटी! ते फोटो पाहून ब्रॉनफेनब्रेनर नावाच्या जुन्या फेज-संशोधकाने कपाळावर हात मारून घेतला आणि, अरे देवा, यांना शेपट्या आहेत, असे तो उद्गारला, ही आठवण अँडरसनने लिहून ठेवली आहे.

फोटोंनी एक कोडे सोडवले आणि दुसरे घातले. जिवाणूवर चिकटलेले फेज दिसत होते, पण आत शिरताना कुणीच दिसेना. अँडरसनने नमुने सुकवण्याची नवी पद्धत काढली, म्हणजे सुकताना ते चपटे होणार नाहीत. तेव्हा स्पष्ट झाले की फेज शेपटीच्या टोकावर उभे आहेत, डोके बाहेरच्या बाजूला. चोर दाराबाहेर उभा, आणि तरी अर्ध्या तासात घरातून दोनशे चोर बाहेर पडतात! रॉजर हेरियटने 1951 मध्ये डीएनए निघून गेलेली फेजची रिकामी टरफले तपासली. तीही जिवाणूला चिकटत होती आणि त्याला मारतही होती, पण त्यांच्यापासून नवे फेज मात्र होत नव्हते.

1952 मध्ये आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी याचा निकाल लावला. प्रथिनात गंधक असते, डीएनएत नसते. डीएनएत फॉस्फरस असतो, प्रथिनात जवळजवळ नसतो. त्यांनी काही फेजमध्ये किरणोत्सारी गंधक घातले, काहींमध्ये किरणोत्सारी फॉस्फरस. फेज जिवाणूंना चिकटू दिले आणि मग मिश्रण स्वयंपाकघरातल्या मिक्सरमधून फिरवले. खरोखरच मिक्सर! त्या धक्क्याने सुमारे 80 टक्के गंधक जिवाणूंवरून सुटून पाण्यात आले. फॉस्फरस बहुतांश जिवाणूंबरोबरच राहिला, आणि नवे फेज पूर्ववत तयार झाले. अंगरखा बाहेर राहतो, आत जातो तो मजकूर. हर्शीला 1969 मध्ये डेलब्र्यूक आणि लुरिया यांच्याबरोबर नोबेल मिळाले. चेसबाईंना नाही.

त्या मिक्सरमधला फेज टी-2 होता. त्याचा सख्खा भाऊ टी-4 याचा आज सर्वाधिक अभ्यास झालेला आहे. त्याचे चिकटणे नीट समजायचे तर सगळे दहा लाख पटीने मोठे करून पाहू. आतड्यातला ई-कोलाय जिवाणू मग दोन मीटर लांबीच्या पिंपाएवढा होईल. फेजचे डोके नारळाएवढे, आणि त्या नारळात दाबून भरलेला डीएनएचा दोरा सुमारे 57 मीटर लांब. शेपटीच्या तळाशी षटकोनी बैठक आणि तिला सहा लांब पाय. फेजला स्वतःची गती नाही. पाण्यात ढकलला जाता जाता तो जिवाणूवर आपटतो आणि एखादा पाय तिथल्या ओळखीच्या रेणूला लागतो. ही पकड सैल असते, सुटूही शकते. आणखी पाय टेकले की बैठकीखाली दुमडलेले सहा आखूड पाय उलगडतात आणि घट्ट रुततात. आता माघार नाही. षटकोनी बैठक चांदणीसारखी पसरते, शेपटीभोवतीची बाही आखडून निम्म्याहून कमी लांबीची होते आणि आतली ताठ नळी जिवाणूच्या कवचात घुसते. नळीच्या टोकाला कवच विरघळवणारे विकरही असते. मग दोरा आत सरकतो. या चिकटण्याला फेजचे बाह्यरूपच पुरते. आतला मजकूर मागाहून कामाला लागतो.

टी-4 च्या काही वाणांचे पाय तर ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पाण्यात असल्याशिवाय उलगडतच नाहीत. अँडरसनला 1945 मध्येच हे कळले होते की त्याशिवाय ते जिवाणूला चिकटत नाहीत.

पण ओळखीचा तो रेणू जिवाणू अंगावर बाळगतोच कशाला? लॅम्डा नावाचा फेज याचे उत्तर देतो. तो ई-कोलायच्या ज्या प्रथिनाला धरतो, ते माल्टोज ही साखर आत घ्यायचे दार आहे. ते दार टाकून दिले तर जिवाणू लॅम्डापासून वाचतो, पण ती साखर त्याला दुर्मिळ होते. शत्रूने कडी धरली ती भाकरीच्याच दाराची.

आपल्याकडची पटकी, म्हणजे कॉलरा, या गोष्टीत इथे येते. देरेल 1927 मध्ये हिंदुस्थानात आला होता. पंजाबात त्याने रोग्यांना फेज पाजला, गावच्या विहिरींत टाकला आणि त्याने नोंदवलेले निकाल चांगले होते. पाटण्यात इगोर आशेशोव्हने पटकीच्या फेजच्या निरनिराळ्या जाती वेगळ्या केल्या, कारण एका जातीचा फेज प्रत्येक वाणाला चिकटत नव्हता. औषध म्हणून फेज वापरणाऱ्यांची ही अडचण आजही आहे. आधी रोग्याच्या अंगातला जिवाणू कोणता ते पाहायचे, मग त्याला चिकटणारा फेज शोधायचा. मधल्या काळात रोगी थांबून राहत नाही.

बांगलादेशातल्या पटकीच्या रोग्यांच्या मलातून मिळालेल्या आयसीपी-1 या फेजबद्दल 2011 आणि 2012 मध्ये शोधनिबंध आले. तो पटकीच्या जिवाणूवरच्या ओ-1 या साखरेच्या आवरणाला धरतो. हे आवरण गमावलेले किंवा तोकडे केलेले जिवाणू फेजच्या तावडीतून सुटले. पण त्यांना उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात सोडले, तेव्हा त्यांचा तिथे नीट जम बसला नाही. आतड्यात तग धरायलाही तेच आवरण लागते.