दाढीचा ब्रश

दाढीचा ब्रश : दाढी करण्यापूर्वी साबणाचा फेस करून तो चेहऱ्यावर चोळण्यासाठी वापरण्यात येणारा, आखूड मुठीचा व दाट केसांचा ब्रश. केसांची जुडी बुडाशी घट्ट बांधून ती डिंकासारख्या चिकट द्रव्याने मुठीतील खोबणीत बसवितात. मूठ लाकूड, शिंग, हस्तिदंत किंवा प्लॅस्टिक यांची असते. ब्रशमुळे तीन कार्ये साधतात : पाणी व साबण एकत्र घुसळले जाऊन दाट फेस होतो, त्वचेवर आडवे पडलेले केस उभे राहतात, आणि केसांत पाणी मुरून ते मऊ होतात. भिजलेला केस कापण्यास कोरड्या केसापेक्षा बराच कमी जोर लागतो.

बॅजर हा विजूच्या कुलातील, बिळे करून राहणारा निशाचर सस्तन प्राणी आहे. त्याचा केस टोकाकडे निमुळता व मऊ असून मध्यभागी काळसर पट्टा असतो. अशा केसांच्या दाट जुडीत पाणी भरपूर धरले जाते, म्हणून तो या कामी सर्वोत्तम मानला गेला. डुकराचा केस राठ असतो, परंतु वापराने त्याची टोके चिरली जाऊन तो हळूहळू मऊ होतो. घोड्याचा केस या दोहोंच्या मधला होय.

इतिहास : या ब्रशाचा प्रसार अठराव्या शतकात फ्रान्समधून झाला, असे मानले जाते. फ्रेंच भाषेत बॅजरला ‘ब्लेरो’ म्हणतात व तेच नाव दाढीच्या ब्रशालाही मिळाले आहे. इंग्लंडमध्ये १७७७ साली स्थापन झालेली केंट ही ब्रश तयार करणारी जुनी संस्था प्रसिद्ध आहे. किंग कँप जिलेट याने सुटी पाती असलेला सुरक्षित वस्तरा १९०३ मध्ये विक्रीस आणला, तेव्हा पहिल्या वर्षी केवळ ५१ वस्तरे खपले. पहिल्या महायुद्धात मात्र असे वस्तरे सैनिकांना मोठ्या प्रमाणावर देण्यात आले आणि स्वतःच्या हाताने रोज दाढी करण्याची सवय सर्वत्र पसरली. तिच्याबरोबर ब्रशही घरोघर गेला.

महाराष्ट्रात क्षौरकर्म हे बलुतेदार असलेल्या न्हाव्याचे काम होते. त्याच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा व पाण्याची वाटी एवढी साधने असत. दाढी पाण्याने भिजवून ती बोटांनी बराच वेळ चोळावयाची, हीच केस मऊ करण्याची रीत होती. ब्रशाचे काम न्हाव्याचा हातच करी. अमावास्या, एकादशी, शनिवार इ. दिवशी क्षौर वर्ज्य मानीत, त्यामुळे रोज दाढी करण्याची प्रथा नव्हती.

मुंबई व तिच्या उपनगरांत ही घडी बदलली. बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. घाटकोपर व मुलुंड या मार्गावर आहेत. पश्चिमेकडील कुलाबा–बोरिवली मार्गावर ५ जानेवारी १९२८ रोजी विजेच्या गाड्या धावू लागल्या. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथे राहून शहरातील कचेरीत जाणाऱ्या नोकरदाराला ठरलेली गाडी गाठावयाची असे. वाराची व तिथीची बंधने किंवा न्हाव्याची वेळ सांभाळणे त्याला शक्य नव्हते. खिडकीशी टांगलेला आरसा, पाण्याचा पेला, साबणाची वडी, तुरटीचा खडा आणि ब्रश ही सामग्री मध्यमवर्गीय बिऱ्हाडाचा भाग बनली. न्हाव्याचे दुकानही रेल्वेस्थानकाजवळ आले व त्यानेही ब्रश स्वीकारला.

घाटकोपर व मुलुंड यांच्या दरम्यानच्या विक्रोळीचा या इतिहासाशी वेगळा संबंध आहे. गोदरेज उद्योगाने १९१८ मध्ये प्राणिज चरबीऐवजी वनस्पती तेलांपासून बनविलेला अंगाचा साबण बाजारात आणला. स्वदेशीच्या काळात शाकाहारी ग्राहकाला त्याचे विशेष महत्त्व वाटले. पुढे १९४३ मध्ये या उद्योगाने विक्रोळी येथे जमीन घेतली व तेथे त्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. दाढीचे साबणही या उद्योगाने तयार केले. साबणातून चरबी गेली, परंतु त्याच वाटीत फिरणारा ब्रश मात्र प्राण्याच्या केसांचाच राहिला. डुकराचा केस मुसलमानांना निषिद्ध आणि कोणताही प्राणिज केस कटाक्षाने अहिंसा पाळणाऱ्या जैनांना अग्राह्य, यामुळे ब्रश कशाचा आहे हा प्रश्न उपनगरांतील मिश्र वस्तीत निव्वळ किंमतीचा नव्हता.

रोगप्रसार : नवा ब्रश हा एके काळी प्राणघातक ठरला होता. पहिल्या महायुद्धात बॅजरच्या केसांचा नेहमीचा पुरवठा खंडित झाला, तेव्हा आशियातून आणलेल्या घोड्याच्या केसांना बॅजरचे रूप देऊन स्वस्त ब्रश विकण्यात आले. त्यांतील काहींचे निर्जंतुकीकरण नीट न झाल्याने काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) जंतूंचे बीजाणू केसांत टिकून राहिले व वस्तऱ्याने झालेल्या बारीक जखमांवाटे शरीरात शिरले. ब्रिटन व अमेरिका येथे सैनिक व नागरिक दगावले. ब्रिटनने १९१९ मध्ये काळपुळी प्रतिबंधक कायदा केला आणि १९२० मध्ये जपानी ब्रशांच्या आयातीस बंदी घातली. या बीजाणूंना साध्या गरम पाण्याने धुणे पुरत नाही, ही गोष्ट त्यामुळे सर्वमान्य झाली.

सामाईक ब्रशाचा धोका निराळा आहे. ओल्या केसांत जंतू व कवके टिकतात आणि एका गिऱ्हाइकाचा दाढीतील गजकर्ण किंवा केसमुळांचा दाह दुसऱ्याकडे जाऊ शकतो. भारतात १९८६ मध्ये एचआयव्हीचा संसर्ग आढळल्यानंतर रक्तावाटे पसरणाऱ्या रोगांविषयी जागृती वाढली आणि केशकर्तनालयांत वस्तऱ्याच्या जागी दर गिऱ्हाइकास नवे पाते वापरण्याची पद्धत रूढ झाली. पाते बदलले, तरी ब्रश पुष्कळ ठिकाणी सर्वांना एकच राहिला. त्यामुळे आपला ब्रश स्वतंत्र ठेवणे, तो धुऊन झटकून वाळविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

नव्या ब्रशाची परीक्षा : बॅजरच्या नव्या ब्रशाला प्रथम प्राण्याचा किंचित उग्र वास येतो, कोमट पाणी व सौम्य साबण यांनी काही वेळा धुतल्यावर तो जातो. सुरुवातीस थोडे केस गळणे स्वाभाविक आहे. गळती काही आठवडे चालू राहिली, तर जुडीची बांधणी सदोष समजावी. उकळत्या पाण्याने केस ठिसूळ होतात व चिकट द्रव्य सैल पडते, म्हणून ते टाळावे. चांगला ब्रश गालावर टोचत नाही, दाबल्यावर पुन्हा उभा राहतो आणि फेस आत दडवून न ठेवता सोडतो.

सद्यःस्थिती : ब्रशाविना लावता येणारी मलमे व १९४९ नंतर आलेले डब्यातील तयार फेस यांमुळे ब्रशाचा वापर घटला. बॅजरला ब्रिटनमध्ये १९७३ च्या कायद्याने संरक्षण मिळाले असून जगातील ब्रशांसाठी केस प्रामुख्याने चीनमधून येतात. तेथील बॅजरपालन केंद्रांतील क्रौर्याचे चित्रण पीटा या प्राणिहक्क संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केल्यावर काही उत्पादकांनी हे केस वापरणे थांबविले. भारतात मुंगसाच्या केसांच्या कुंचल्यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये (१९७२) गुन्हा आहे. निमुळत्या टोकांचे कृत्रिम तंतू आता बॅजरच्या केसांइतकाच दाट फेस देतात, लवकर वाळतात व त्यांना वास नसतो. न्हाव्याच्या बोटांनी सुरू झालेले हे काम आज प्राण्याच्या केसाविनाही उत्तम होऊ शकते. ब्रश निवडताना ग्राहकाने मऊपणाबरोबरच केसांचे मूळही विचारणे इष्ट ठरते.