निर्वासित-धोरण, मुंबई उपनगरांतील

भारताच्या फाळणीनंतर पश्चिम पाकिस्तानातून, मुख्यत्वे सिंधमधून, आलेल्या लोकांना मुंबईच्या उपनगरांत आश्रय देण्यासाठी व तेथे कायमचे वसविण्यासाठी अवलंबिलेले शासकीय धोरण. मुलुंड, चेंबूर व शीव-कोळीवाडा येथील वसाहती आणि मुंबईबाहेरील ठाण्याची कोपरी वसाहत व उल्हासनगर ही या धोरणाची दृश्य फळे होत. दुसऱ्या महायुद्धानंतर यूरोपीय देशांपुढेही असाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी काढलेल्या मार्गांशी तुलना केल्यास मुंबईतील धोरणाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

संज्ञा : निर्वासितांच्या दर्जाविषयीच्या जिनीव्हा करारानुसार (२८ जुलै १९५१) वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याच्या साधार भीतीने स्वदेशाबाहेर राहणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित. हा करार प्रारंभी १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता व तो केवळ यूरोपातील घटनांना लावण्याची मुभा सदस्य देशांना होती. या मर्यादा १९६७ च्या पूरक करारान्वये दूर झाल्या. भारताने दोहोंपैकी कशावरही स्वाक्षरी केलेली नाही. फाळणीनंतर आलेल्यांना लोकव्यवहारात ‘निर्वासित’ म्हणत असले, तरी केंद्रीय कायद्यांत ‘विस्थापित व्यक्ती’ ही संज्ञा रूढ झाली. हा भेद केवळ शब्दांचा नव्हता. विस्थापित व्यक्ती ही परकी नसून राष्ट्राची घटक आहे, असे त्यात गृहीत होते.

महायुद्धकालीन आश्रय : फाळणीपूर्वीही या प्रदेशात निर्वासित आले होते. नाझी राजवटीतून निसटलेल्या ज्यूंपैकी काही मुंबईस आले. तथापि सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मन पारपत्रधारक म्हणून त्यांची गणना शत्रुराष्ट्राच्या नागरिकांत झाली व त्यांच्यापैकी अनेकांना काही काळ स्थानबद्ध व्हावे लागले. ज्यांच्या छळामुळे देश सोडावा लागला, त्यांचेच नागरिक म्हणून त्यांना धरण्यात आले. सोव्हिएट रशियाने १९४०–४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या पोलिश लोकांची स्थिती वेगळी होती. त्यांचे सरकार लंडनमध्ये असून ते ब्रिटनचे मित्र होते. १९४१ च्या पोलिश-सोव्हिएट करारानंतर सुटका झालेल्या पोलिश मुलांची पहिली तुकडी १९४२ मध्ये भारतात आली. तिला प्रथम वांद्रे येथे ठेवून नंतर जामनगरजवळील बालाचडी येथे हलविण्यात आले. कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ पासून सु. ५,००० पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध यांची छावणी होती. तीत शाळा, चर्च व रुग्णालय होते आणि तिचा खर्च पोलिश सरकार करीत असे. या लोकांना सन्मानाने वागविले गेले, परंतु त्यांचे वास्तव्य तात्पुरतेच मानले होते. ब्रिटनने १९४५ मध्ये लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतल्यावर त्यांचा आधार डळमळला. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. काही लोक मायदेशी परतले, बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा इ. देशांत पांगले. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासितांची वसाहत होऊन ती गांधीनगर या नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या रहिवाशांना जेथून जावे लागले, तेथेच दुसऱ्यांना कायमचे घर मिळाले. दोघांच्या हालअपेष्टांत मोठे अंतर नव्हते, अंतर होते ते त्यांच्या कायदेशीर दर्जात.

सिंधी स्थलांतर : सिंध प्रांत १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराची व मुंबई यांच्यात व्यापार, शिक्षण व प्रशासन यांचे जुने संबंध होते. फाळणीत पंजाब व बंगाल विभागले गेले, सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना भारतात स्वतःचा असा प्रदेश उरला नाही. कराचीतील ६ जानेवारी १९४८ च्या दंगलीनंतर स्थलांतराचा वेग वाढला. पुष्कळ लोक आगबोटीने मुंबई बंदरात उतरले, तर काही रेल्वेने राजस्थानमार्गे आले. १९५१ च्या जनगणनेत भारतातील विस्थापितांची संख्या सु. ७३ लक्ष भरली. बृहन्मुंबईच्या आजच्या हद्दीतील लोकसंख्या १९४१ मध्ये सु. १८ लक्ष होती, ती १९५१ मध्ये सु. ३० लक्ष झाली. ही सर्व वाढ निर्वासितांमुळे झाली नव्हती, परंतु घरांच्या टंचाईत त्यांच्या आगमनाने मोठी भर पडली.

छावण्या व वसाहती : युद्धसमाप्तीनंतर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकी निर्वासितांना देण्यात आल्या. मुंबई प्रांताने १९४८ मध्ये निर्वासितांच्या नोंदणीसाठी व त्यांच्या हालचालींच्या नियमनासाठी स्वतंत्र अधिनियम केला. शहरावरील भार कमी करून लोकांना बाहेर वसविणे, हा शासनाचा हेतू होता. निर्वासितांपैकी बहुतेक नागरी व्यवसायांतील असल्याने त्यांना मात्र बाजारपेठेजवळ राहणे आवश्यक वाटे. या दोन गरजांची तडजोड लोहमार्गालगतच्या उपनगरांत झाली. कल्याणजवळील पाच लष्करी छावण्यांच्या जागी ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगरची स्थापना झाली. १९५१ मध्ये तेथील लोकसंख्या सु. ८० हजार होती. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे मुलुंडची वसाहत वसल्यानंतर काही वर्षांनी शहरात समाविष्ट झाली.

बराकींत पडदे वा फळ्या लावून कुटुंबांसाठी खोल्या पाडीत. नळ व शौचकूप सामाईक असत. अशा स्थितीतही शिक्षणसंस्था लवकर उभ्या राहिल्या. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद महाविद्यालय काढले, हैदराबाद (सिंध) येथील नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्रे येथे पुन्हा सुरू झाले आणि चेंबूर येथे १९६२ मध्ये हशू अडवाणी यांनी विवेकानंद एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्ये समावेश झाला.

नागरिकत्व : संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानुसार, स्वतः किंवा आईवडील वा आजीआजोबांपैकी कोणी अविभक्त भारतात जन्मलेले असल्यास, १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन येथे राहिलेली व्यक्ती नागरिक ठरली. त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करावी लागे. कायमचे राहण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या निर्वासितांची नावे मतदारयाद्यांत घेण्याच्या सूचना संविधान लागू होण्यापूर्वीच दिल्या होत्या. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बराकींतील रहिवासी म्हणूनच मतदार होते. सातव्या अनुच्छेदान्वये मात्र १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात गेलेल्यांना, पुनर्वसनाचा परवाना घेऊन परतल्याखेरीज, नागरिक मानले जात नसे. एकाच सीमेवर येणाऱ्यास व परतणाऱ्यास वेगळे नियम लागू झाले.

नुकसानभरपाई : पश्चिम जर्मनीत १९५० च्या सुमारास पूर्वेकडून हाकलून दिलेले सु. ८० लक्ष जर्मन होते. ते जर्मन नागरिक मानले गेल्याने जिनीव्हा कराराच्या कक्षेबाहेर राहिले. त्यांच्यासाठी १९५२ चा भारसमीकरण कायदा करण्यात आला. ज्यांची मालमत्ता युद्धात वाचली, त्यांच्यावर १९४८ मधील मालमत्तेच्या निम्म्या मूल्याइतका आकार बसवून तो तीस वर्षांत वसूल करावयाचा व त्यातून निर्वासितांना आणि बाँबहल्ल्यांत नुकसान झालेल्यांना भरपाई द्यावयाची, अशी ही योजना होती. फिनलंडने रशियाला गेलेल्या कारेलियातील सु. ४ लक्ष लोकांसाठी १९४५ मध्ये भूसंपादनाचा कायदा करून त्यांना जमिनी दिल्या. भारतातील १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियमाने तपासून मान्य केलेल्या दाव्यांवर उतरत्या प्रमाणात भरपाई ठरविली, म्हणजे लहान दाव्यास तुलनेने अधिक रक्कम मिळे. वसाहतींतील घरांची किंमतही तीतून वळती करता येई. या निधीचा मोठा भाग पाकिस्तानात गेलेल्या मुसलमानांच्या निष्क्रांत मालमत्तेतून आला. जर्मनीत भरपाईचा भार सुस्थित देशबांधवांवर पडला, भारतात एका निर्वासिताची भरपाई बव्हंशी दुसऱ्या निर्वासिताने सोडलेल्या घरातून झाली. पूर्व बंगालमधून आलेल्यांना हा अधिनियम लागू नव्हता.

उत्तरकाल : यूरोपात आश्रयाचा प्रश्न पुढे परकीयांचा प्रश्न बनला. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या मूलभूत कायद्याने राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क दिला होता, तो १९९३ मध्ये मर्यादित करण्यात आला. आश्रयाच्या अर्जाची जबाबदारी कोणत्या देशाची, हे ठरविण्यासाठी १९९० मध्ये डब्लिन करार झाला. यूरोपीय संघाने २०२४ मध्ये स्थलांतर व आश्रय यांविषयी नवी नियमावली स्वीकारली. भारतात निर्वासितांसाठी सर्वसाधारण कायदा झालेला नाही. फाळणीच्या काळानंतर आलेल्यांना परकीय नागरिकांचेच कायदे लागू होतात. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती अधिनियमाने पाकिस्तान, बांगला देश व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मीयांस सवलत दिली. मुसलमानांचा तीत समावेश नसल्याने ती वादग्रस्त ठरली.

मूल्यमापन : मुंबईच्या उपनगरांत बराकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या व निर्वासितांची पुढची पिढी नगरजीवनात मिसळून गेली. हे यश केवळ शासकीय मदतीचे नव्हे. मदत अपुरी होती व नियंत्रणे जाचक होती. निर्वासितांचे उद्योगशील स्वभाव व परस्परसाहाय्यही त्याला कारणीभूत आहेत. तथापि या उद्योगशीलतेला वाव मिळाला, तो नागरिकत्व प्रारंभीच मिळाल्यामुळे. मतदाराच्या गाऱ्हाण्याकडे शासनास दुर्लक्ष करता येत नाही. जमिनीच्या मालकीचा प्रश्न मात्र दीर्घकाळ रेंगाळला आणि भाडेपट्ट्यावरील जमिनींसाठी महाराष्ट्र शासनाला २०२५ मध्येही अभय योजना आणावी लागली. आश्रय देण्यास काही महिने लागतात, पुनर्वसन पूर्ण होण्यास पिढ्या लागतात, हे या वसाहतींच्या इतिहासावरून दिसून येते.